छातीचा फोटो आणि बेडक्याची साक्ष

पेडणे किंवा डिचोली तालुक्यातील एखाद्या खेड्यात कोणाचा खोकला लांबला, की घरची मंडळी प्रथम काढा करून देतात. मग गावच्या डॉक्टरांकडून औषधाची बाटली येते. आणि तेवढ्याने भागले नाही, म्हणजे म्हापशाला जाऊन छातीचा फोटो काढला जातो. मोठ्या पाकिटातून तो फोटो बसने घरी येतो. खिडकीच्या उजेडात धरून घरातील जाणती माणसे तो न्याहाळतात, आणि काळ्या पटावर कोठे पांढरा डाग दिसला, की सगळ्यांच्या मनात एकच शब्द उभा राहतो. पुष्कळ घरांत तो शब्द उच्चारलाही जात नाही. डाग दिसला म्हणजे क्षय, डाग नाही म्हणजे सुटलो, असा साधा हिशेब मनाशी मांडला जातो.

हा हिशेब दोन्ही बाजूंनी चुकतो. डाग असून क्षय नाही, अशी माणसे असतात. आणि डाग किरकोळ म्हणून सोडून दिला, पण जंतू मात्र प्रत्येक खोकल्याबरोबर घरात पसरत राहिला, अशीही असतात. छातीचा फोटो संशय घेतो. तो खरा की खोटा, हे ठरविण्यासाठी जंतू हाती लागावा लागतो, आणि तो बहुधा बेडक्यात सापडतो. फोटो आणि बेडका ह्या दोन पायऱ्यांच्या मध्ये जे दिवस जातात, त्याच दिवसांत पुष्कळ रुग्ण हरवतात.

फोटोला एवढे मोठेपण कसे आले, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. डॉ. आनंदीबाई जोशी ह्यांचे नाव मराठी घरांत आदराने घेतले जाते. अमेरिकेत १८८६ साली वैद्यकाची पदवी संपादन करून परत आलेल्या आनंदीबाई २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने निवर्तल्या, तेव्हा त्यांचे वय अवघे २१ वर्षांचे होते. त्यापूर्वी जवळजवळ पाच वर्षे, २४ मार्च १८८२ रोजी, बर्लिन येथे रॉबर्ट कॉख ह्यांनी क्षयाचा जंतू सापडल्याचे जाहीर केले होते. जंतू ठाऊक झाला होता, परंतु जिवंत माणसाच्या छातीत डोकावण्याचे साधन नव्हते. बोटांनी छाती ठोकून तिचा नाद ऐकायचा आणि स्टेथस्कोप लावून श्वासाचा आवाज ऐकायचा, एवढेच डॉक्टरांच्या हाती होते. क्ष-किरण विल्हेल्म रोंटगेन ह्यांना वुर्झबर्ग येथे गवसले ते १८९५ च्या नोव्हेंबर महिन्यात. म्हणजे जंतू आधी सापडला आणि फोटो तेरा वर्षांनी आला. लोकांच्या मनात मात्र फोटोने पहिली जागा पटकावली. त्याचे कारण उघड आहे. फोटो कोणालाही हातात धरून पाहता येतो. सूक्ष्मदर्शकाखालचा जंतू रुग्णाला कधी दिसत नाही.

वस्तुतः छातीचा फोटो म्हणजे एक सावली आहे. क्ष-किरण हवेतून सहज पार जातात, तेथे पट काळा होतो. हाडांत ते अडतात, तेथे पट पांढरा राहतो. निरोगी फुप्फुस हवेने भरलेले असते, म्हणून ते काळे दिसते. हवेची जागा पू, पाणी, सूज किंवा जुन्या व्रणाची गाठ ह्यांपैकी कोणी घेतली, की तेथे पांढुरका डाग उमटतो. हवा कोठे नाही हे किरण सांगू शकतात. ती का नाही, हे सांगणे त्यांच्या आवाक्याबाहेरचे आहे.

सावली जशी पडावी तशी पडण्यासाठी फोटो काढणारा तंत्रज्ञ ज्या सूचना देतो, त्या पुष्कळांना त्रासदायक वाटतात. परंतु प्रत्येक सूचनेमागे कारण असते. छाती प्लेटला टेकवून उभे राहायचे, म्हणजे हृदयाची सावली अवास्तव मोठी होत नाही. हात कमरेवर ठेवून खांदे पुढे करायचे, म्हणजे पाठीवरची खांद्यांची पाती फुप्फुसांच्या आड येत नाहीत. दीर्घ श्वास घेऊन रोखून धरायचा. श्वास अर्धवट घेतला, तर फुप्फुसाचा खालचा भाग दाटल्यासारखा दिसतो आणि नसलेला आजार असल्याचा भास होतो. गळ्यातील साखळी, ताईत, क्रूस काढून ठेवायचा. स्त्रियांनी वेणी वर बांधून घ्यावी, असे सांगितले जाते, तेही उगीच नव्हे. खांद्यावर आलेली जाड वेणी नेमकी फुप्फुसाच्या शेंड्यावर सावली टाकते, आणि फुप्फुसाचा शेंडा ही तर क्षयाची आवडती जागा! वेणीमुळे एखाद्या मुलीच्या नावापुढे संशयाची खूण पडणे, हे हास्यास्पद वाटले तरी अशक्य नाही. किरणांची भीती मात्र बाळगण्याचे कारण नाही. एका फोटोत मिळणारी मात्रा निसर्गातून साधारण दहा दिवसांत आपोआप मिळणाऱ्या मात्रेएवढीच असते. गर्भवती स्त्रीने तेवढे आधी सांगून ठेवावे.

क्षयाची सावली बहुधा कशी असते? मोठ्या माणसात ती फुप्फुसाच्या वरच्या भागात, गळपट्टीच्या हाडामागे किंवा त्याखाली उमटते, कारण तेथे प्राणवायू भरपूर असतो आणि ह्या जंतूला तो मानवतो. प्रथम कापसाच्या पुंजक्यासारखे अस्पष्ट डाग दिसतात. रोग वाढला, की डागाच्या पोटात पोकळी पडते. पांढऱ्या कड्यात काळे वर्तुळ असे तिचे रूप असते. अशा पोकळीत जंतूंची संख्या अफाट असते, आणि ती असलेला माणूस सर्वांत अधिक जंतू बाहेर टाकतो. कधी फुप्फुसाभोवतीच्या आवरणात पाणी साठते आणि छातीचा खालचा कोपरा पांढरा होतो. कधी जंतू रक्तातून पसरतो आणि दोन्ही फुप्फुसांवर नाचणी सांडावी तसे बारीक दाणे उमटतात. ‘मिलियरी’ हे त्या प्रकाराचे नाव लॅटिनमधील अशाच एका बारीक धान्याच्या नावावरून आले आहे. लहान मुलांत चित्र निराळेच असते. तेथे फुप्फुसाच्या मुळाशी असलेल्या गाठी सुजतात आणि शेंडा स्वच्छ असतो.

हे सारे ‘बहुधा’ ह्या शब्दाच्या आधाराने सांगायचे. न्यूमोनियाचा डागही कापसासारखा असतो. कर्करोगाच्या गाठीतही पोकळी पडू शकते. बरा झालेला जुना क्षय जन्मभराचा व्रण मागे ठेवतो. डिचोलीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते, ती म्हणजे धूळ. शिरगाव, मुळगाव, मये, पाळी, वेळगे ह्या पट्ट्यात दोन पिढ्यांनी लोहखनिजाच्या खाणींवर आणि खनिज वाहणाऱ्या ट्रकांवर पोट भरले. लोखंड क्ष-किरणांना अडविते. लोहाची धूळ वर्षानुवर्षे छातीत गेलेल्या माणसाच्या फोटोत बारीक ठिपक्यांची रांगोळी दिसू शकते, आणि त्याला फारसा त्रासही नसतो. सिलिका, म्हणजे दगडातील गारेची धूळ, अधिक वाईट. क्रशरवर किंवा दगड फोडण्याच्या कामावर ती श्वासाबरोबर आत जाते, जंतू गिळून टाकणाऱ्या फुप्फुसातील रक्षक पेशींनाच निकामी करते, आणि अशा माणसाला क्षय होण्याची शक्यता कित्येक पटींनी वाढते. म्हणजे एका कामगाराच्या फोटोतील ठिपके केवळ धुळीचे असतात, तर शेजारच्या कामगाराच्या तशाच ठिपक्यांमागे क्षय दडलेला असतो. २०१२ साली आणि पुन्हा २०१८ साली खाणी बंद पडल्या. छातीत बसलेली धूळ त्यामुळे उतरली नाही. म्हणून फोटो काढताना डॉक्टरांना आपण कोणते काम केले, किती वर्षे केले, हे सांगणे फोटोइतकेच मोलाचे असते. हातातील कोरे वर्तमानपत्र वाचावे तसा फोटो वाचता येत नाही. त्यामागचा माणूस ठाऊक असावा लागतो.

फोटो वाचणाऱ्यांचेही एकमत होत नाही. १९४० नंतरच्या दशकात अमेरिकेत जेकब येरुशाल्मी आदी संशोधकांनी एक प्रयोग केला. तज्ज्ञ डॉक्टरांपुढे तेच फोटो ठेवण्यात आले. त्यांचा परस्परांत मतभेद झाला, ह्यात नवल नव्हते. काही काळाने तेच फोटो त्याच डॉक्टरांना पुन्हा दाखविण्यात आले, तेव्हा अनेक फोटोंच्या बाबतीत त्यांचा स्वतःच्याच आधीच्या मताशी मतभेद झाला! ज्यांचे आयुष्य फोटो पाहण्यात गेले त्यांची ही गत, तर खिडकीशी उभे राहून प्लेट पाहणाऱ्या घरच्या मंडळींनी काय निष्कर्ष काढावा?

ह्यावरून फोटो निरुपयोगी ठरवावा असे मात्र नाही. कोणाच्या बेडक्याची तपासणी करावी, हे शोधून काढण्यात त्याचा हात धरणारे साधन नाही. पोर्तुगीज बोलणाऱ्या जगाशी गोव्याचा जुना संबंध. त्याच जगातील एका डॉक्टरने ही गोष्ट प्रथम मोठ्या प्रमाणावर करून दाखविली. ब्राझीलचे मानुएल द आब्रेउ ह्यांनी १९३६ च्या सुमारास रिओ द जानेरो येथे एक युक्ती काढली. क्ष-किरणांनी पडद्यावर उमटलेल्या प्रतिमेचा लहानशा फिल्मवर फोटो घ्यायचा. त्यामुळे खर्च कमी झाला आणि माणसांच्या रांगाच्या रांगा तपासणे शक्य झाले. भारतात १९५५ ते १९५८ ह्या काळात झालेल्या राष्ट्रीय पाहणीत असेच छोटे फोटो वापरण्यात आले, आणि क्षय हा शहरी गिरण्यांचा व चाळींचा रोग आहे ही समजूत तिने मोडून काढली. खेड्यांतही त्याचे प्रमाण शहरांइतकेच आढळले. पुढे २०१९ ते २०२१ मध्ये देशभर पुन्हा पाहणी झाली. तीत १५ वर्षांवरील दर लाख लोकांमागे ३१६ जणांना जंतू सिद्ध झालेला फुप्फुसांचा क्षय आढळला. त्याहून लक्षणीय गोष्ट अशी, की फोटो काढला नसता आणि केवळ लक्षणे विचारून भागविले असते, तर त्यांपैकी जवळजवळ ४३ टक्के रुग्ण निसटले असते. त्यांना सांगण्यासारखा खोकलाच नव्हता.

खोकल्याच्या बाबतीतही एक गोम आहे. दोन आठवड्यांहून अधिक खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, वजन उतरणे, रात्री घाम, बेडक्यात रक्त, ह्यांपैकी काही असले तर तपासणी करावी, असा नियम आहे. परंतु खेड्यातील माणूस आठवड्यांनी मोजत नाही. ‘शिरगावच्या जत्रेपासून आहे’, ‘पेडण्याच्या पुनवेपासून आहे’, असे तो सांगतो. चतुर्थीच्या दिवसांत जर कोणी जत्रेचा हवाला दिला, तर त्याचा अर्थ चार महिने उलटले असा होतो. ह्याचा सारा दोष त्याच्याच माथी मारणे न्याय्य नव्हे. बंगळूरच्या राष्ट्रीय क्षयरोग संस्थेतून १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रख्यात अभ्यासात असे दिसले होते, की खेड्यांतील रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक लोक आपण होऊन दवाखान्यात गेले होते, आणि त्यांतील बहुतेकांची खोकल्याची बाटली देऊन बोळवण झाली होती.

गोव्यात संशयाचे आणखी एक कारण वाढत चालले आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत मधुमेहाचे प्रमाण सर्व राज्यांत गोव्यात अधिक आढळले: २६.४ टक्के. मधुमेह्याला क्षय होण्याचा धोका इतरांच्या दुपटी-तिपटीने असतो. त्यातून त्याचा डाग पुष्कळदा नेहमीची जागा सोडून फुप्फुसाच्या खालच्या भागात पडतो, आणि न्यूमोनिया म्हणून त्यावर उपचार होत राहतात. म्हणून क्षय ठरलेल्या प्रत्येकाची साखर आणि एचआयव्ही तपासली जाते, आणि उलट बाजूने, मधुमेह्याचा खोकला रेंगाळला तर फोटो व बेडका ह्यांची वाट पाहू नये.

आता बेडक्याकडे वळावे. ह्या शब्दाने नाक मुरडणारे पुष्कळ आहेत. तथापि सगळ्या तपासणीत ह्याच्याइतके विश्वासू काही नाही. येथेच बहुतेकांची फसगत होते, कारण डबीत जाते ती लाळ. लाळेत जंतू नसतो. सकाळी उठल्यावर साध्या पाण्याने चूळ भरावी. दोन-तीनदा खोल श्वास घेऊन थोडा रोखावा, आणि मग छातीच्या तळापासून खोकून जो दाट, चिकट, पिवळसर बेडका येईल, तो रुंद तोंडाच्या डबीत घ्यावा. चमचाभर पुरे. झाकण घट्ट लावावे. हे काम घराबाहेर, उघड्या हवेत, माणसांपासून दूर करावे. सूर्यप्रकाश आणि वारा ह्या जंतूचे वैरी आहेत. नमुने दोन घेतात: एक तेथल्या तेथे आणि एक पहाटेचा, कारण रात्रभर छातीत साचलेल्या बेडक्यात जंतू अधिक असतात. स्त्रिया चारचौघांत खोकून थुंकण्यास लाजतात आणि नुसती लाळ डबीत टाकून मोकळ्या होतात. त्यांना आडोसा देणे ही शिष्टाचाराची नव्हे, तर निदानाची गरज आहे.

डबीतील बेडक्याची तपासणी तीन प्रकारांनी होते. सर्वांत जुना प्रकार सूक्ष्मदर्शकाचा. बेडका काचेवर पसरून, तांबड्या रंगाने रंगवून आम्लाने धुतात. इतर जंतूंचा रंग उतरतो, क्षयाचा जंतू मात्र मेणचट कवचामुळे तो सोडीत नाही. ही रीत १८८२-८३ पासूनची आहे आणि आजही तिची किंमत आहे. परंतु ती दिसायला हवी, तर एका मिलिलिटरमध्ये पाच ते दहा हजार जंतू असावे लागतात. ज्याच्या छातीत पोकळी पडलेली नाही, अशा पुष्कळ रुग्णांच्या बेडक्यात तितके नसतात, आणि ‘जंतू आढळला नाही’ असा कागद घेऊन ते निश्चिंतपणे घरी जातात. त्या कागदाचा अर्थ ‘क्षय नाही’ असा होत नाही.

दुसरा प्रकार जंतू वाढविण्याचा, म्हणजे कल्चर. ह्यात थोडे जंतूही पुरतात, पण क्षयाचा जंतू अत्यंत संथ. सामान्य जंतू वीस मिनिटांत दुप्पट होतात, ह्याला वीस तासांच्या आसपास लागतात. म्हणून उत्तरासाठी दोन ते आठ आठवडे थांबावे लागते.

तिसरा प्रकार नवा, आणि त्यात गोव्याला अभिमान वाटावा असे काही आहे. जंतू पाहण्याऐवजी त्याच्या आनुवंशिक द्रव्याचा तुकडा ओळखून तो यंत्रात लक्षावधी पटींनी वाढवायचा, अशी ही युक्ती. ‘जीनएक्सपर्ट’ नावाच्या यंत्राला जागतिक आरोग्य संघटनेने २०१० च्या डिसेंबरमध्ये मान्यता दिली. ते दोन तासांत उत्तर देते. पण त्याला अखंड वीज लागते आणि उकाडा मानवत नाही, आणि खेड्यातील आरोग्य केंद्रात ह्या दोन्ही गोष्टी मिळणे कठीण. ह्या अडचणीवर उपाय म्हणून ‘ट्रूनॅट’ हे बॅटरीवर चालणारे छोटे यंत्र भारतात तयार झाले. बंगळूरच्या शास्त्रज्ञांनी ते विकसित केले आणि गोव्यातील वेर्णा येथील मोलबायो कंपनीने ते बाजारात आणले. २०२० साली त्यालाही जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळाली. त्याच वर्षी कोरोनाच्या तपासणीसाठीही ते देशभर वापरण्यात आले. नखाएवढ्या चिपवर बेडक्यातील द्रव्याचा थेंब ठेवला, की सुमारे तासाभरात जंतू आहे की नाही ते समजते. जंतू सापडला, तर दुसऱ्या चिपवर हेही पाहता येते, की रिफाम्पिसिन हे मुख्य औषध त्यावर चालेल की नाही. हे दुसरे उत्तर पहिल्याइतकेच महत्त्वाचे. औषधाला न जुमानणारा जंतू असताना नेहमीच्या गोळ्या देणे म्हणजे महिने वाया घालविणे, आणि तोच हट्टी जंतू घरच्यांना देणे. फोटो हे कधीही सांगू शकत नाही. औषधाने मरणारा आणि न मरणारा, दोन्ही जंतू तोच पांढरा डाग पाडतात.

बेडका येतच नसेल तर? मिठाच्या दाट पाण्याची वाफ हुंगवून तो आणता येतो. लहान मूल बेडका गिळते, म्हणून त्याच्या पोटातून सकाळी उपाशीपोटी नमुना काढतात. तेवढ्यानेही न भागले, तर दुर्बिणीची नळी श्वासनलिकेतून आत घालून फुप्फुस धुतलेले पाणी घेतात. बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयासारख्या मोठ्या रुग्णालयातच हे काम होते. आणि सर्व तपासण्यांत जंतू सापडला नाही, तरी डाग वाढतो आहे आणि ताप हटत नाही, अशा वेळी अनुभवी डॉक्टर आपल्या बुद्धीवर विसंबून क्षयाची औषधे सुरू करतात. ते गैर नव्हे. गैर आहे ते पहिल्याच दिवशी, बेडका न पाहता, नुसत्या फोटोवर सहा महिन्यांच्या गोळ्या लिहून देणे. त्याहून गैर म्हणजे खोकल्यासाठी लेव्होफ्लॉक्सासिनसारखे प्रतिजैविक चार दिवस देऊन पाहणे. ते औषध क्षयाच्या जंतूलाही थोडे मारते. रुग्णाला आठवडाभर बरे वाटते, बेडका कोरा येतो, आणि महिन्याभराने रोग दुप्पट जोराने उठतो.

रक्ताच्या चाचण्यांचा एक शब्दच पुरे. रक्तातील प्रतिद्रव्ये मोजून क्षय ठरविणाऱ्या चाचण्यांवर भारत सरकारने जून २०१२ मध्ये बंदी घातली, कारण त्या खोटे सांगत होत्या. हातावर टोचून गाठ पाहण्याची माँटू चाचणी जंतूचा शरीरात केव्हा तरी प्रवेश झाला होता एवढेच दाखविते. आपल्या देशात तसा प्रवेश कोट्यवधी लोकांत झालेला आहे आणि त्यांतील बहुतेकांना क्षय कधीच होत नाही.

इतके सगळे उपलब्ध असताना रुग्ण हरवतो कोठे? केरी-तेरेखोलच्या बाजूचा एखादा मजूर एक दिवसाची मजुरी बुडवून कोलवाळच्या पुलावरून म्हापशाला जातो, फोटो काढतो. अहवालात ‘क्षयाची शक्यता, बेडका तपासावा’ अशी ओळ असते, ती इंग्रजीत. दुसऱ्या दिवशीची मजुरी तो पुन्हा बुडवू शकत नाही. घरात मुलीच्या लग्नाचे बोलणे चाललेले असते, तर ते पाकीट कपाटाच्या वर जाते. बेडक्याची तपासणी पेडणे, डिचोली येथील सरकारी आरोग्य केंद्रांमार्फत विनामूल्य होते. उपचार सुरू झाले म्हणजे आहारासाठी दरमहा मिळणारी रक्कम नोव्हेंबर २०२४ पासून ५०० वरून १००० रुपये झाली आहे. मे २०१२ पासून खासगी डॉक्टरांनाही प्रत्येक क्षयरुग्णाची नोंद सरकारकडे करणे बंधनकारक आहे. ही नोंद पुष्कळांना चहाडी वाटते. परंतु नोंद झाली, तरच आरोग्य सेवक घरी येतो, त्याच घरातील आजी आणि नातवंडे ह्यांची तपासणी होते, आणि ज्यांना अजून रोग झालेला नाही, त्यांना प्रतिबंधक गोळ्या देता येतात. कपाटावरच्या पाकिटातून ह्यांपैकी काहीच निष्पन्न होत नाही.

निदान झाले म्हणजे तपासणी संपली, असेही नाही. औषधे सुरू होऊन दोन महिने झाले, की पुन्हा बेडका तपासतात, आणि सहाव्या महिन्याअखेर पुन्हा. ह्या वेळी मात्र ते चतुर यंत्र उपयोगी पडत नाही. ते मेलेल्या जंतूचे द्रव्यही ओळखते, आणि बऱ्या होत चाललेल्या छातीतून मेलेले जंतू कित्येक आठवडे बाहेर पडत असतात. म्हणून येथे जुना सूक्ष्मदर्शक आणि संथ कल्चर ह्यांचेच ऐकायचे असते. दोन महिन्यांनीही जंतू दिसत राहिला, तर गोळ्या नियमाने घेतल्या जातात की नाही आणि जंतूवर औषध चालते की नाही, ह्यांची पुन्हा चौकशी होते. नंतरची दोन वर्षे दर सहा महिन्यांनी रुग्णाला बोलावतात.

फोटोही शेवटी पुन्हा काढतात, आणि त्यात डाग दिसला की बरे झालेला माणूस पुन्हा खचतो. जखम भरली तरी कातडीवर वण राहतो, तसा हा फुप्फुसावरचा वण असतो. तो औषधाने जात नाही आणि त्यासाठी औषध घेण्याचे कारणही नाही. तो जिवंत रोग आहे की मेलेला, हे जुन्या आणि नव्या प्लेटी शेजारी ठेवल्यानेच समजते. म्हणून जुनी प्लेट रद्दीत घालू नये. गोव्यातील कुटुंबांना ह्याचा अनुभव परदेशाच्या वाटेवर येतो. आखाती देशांत नोकरीसाठी जाणाऱ्यांच्या वैद्यकीय तपासणीत बऱ्या झालेल्या क्षयाचा वणही पुष्कळदा आड येतो, आणि सहा महिने निष्ठेने गोळ्या घेतलेल्या माणसाला परत फिरावे लागते. ब्रिटनमध्ये सहा महिन्यांहून अधिक काळ राहण्यास जाणाऱ्या भारतीयांचाही छातीचा फोटो काढतात. त्यात संशयास्पद डाग आढळला, तर केंद्रावरील डॉक्टर त्या डागावरून होय किंवा नाही असे काही म्हणत नाहीत. ते तीन दिवस सकाळचा बेडका मागतात, तो वाढवायला ठेवतात, आणि उत्तरासाठी दोन महिन्यांपर्यंत थांबायला सांगतात.